आधी चार मिनिटं शूबर्ट ऐका

मागच्या अंकात मी बेथोवेनच्या नवव्या सिंफनीबद्दल (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची, अनेक भागांची मोठी रचना) लिहिलं होतं, 7 मे 1824 ला ती व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली आणि त्याला टाळ्या ऐकू येत नव्हत्या म्हणून गायिकेने धरून लोकांकडे वळवलं तो प्रसंग, आणि शेवटी सहज लिहून गेले की याच्या पुढचं शतक, म्हणजे पाश्चात्य संगीताचा रोमँटिक काळ, मला सगळ्यात जवळचं आहे. त्यावर एवढे प्रश्न आले की हा पूर्ण कॉलम त्यालाच दिलाय. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि थोडे छोटे केलेत.

प्रश्न: "रोमँटिक काळ" म्हणजे सगळे प्रेमाचीच गाणी लिहायचे का? हा काळ नक्की कधीचा?

शब्दामुळे घोळ होतो खरा. हा शब्द आला साहित्यातून. जुन्या अद्भुत कथा, जंगलं, रात्र, भुतंखेतं, एकट्या माणसाच्या मनातली खळबळ असलं सगळं ज्यांना लिहावंसं वाटत होतं त्या लेखक-कवींचा हा शब्द, आणि 1810 मध्ये हॉफमन नावाच्या जर्मन लेखकाने बेथोवेनच्या पाचव्या सिंफनीवर लिहिताना तो संगीताला लावला. साधारण 1820 च्या आसपासपासून 1900-1910 पर्यंतचा काळ धरतात, कडेच्या तारखांवर अभ्यासकांचे वाद चालूच असतात पण ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो संगीतकाराचं पोट कशावर चालायचं याने. रोमँटिक काळाच्या आधीच्या हायडनने एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत जवळजवळ तीस वर्षं काढली, मालक सांगेल तसं आणि सांगेल तेव्हा लिहायचं, अंगावर नोकराचा गणवेश. शूबर्ट, शोपाँ, शुमान यांना असा मालक नव्हता. ते शिकवण्या घ्यायचे, लिहिलेलं प्रकाशकाला विकायचे, काहीजण तिकीट लावून कार्यक्रम करायचे, पैशाची ओढाताण असायची पण काय लिहायचं ते वरून कोणी सांगत नव्हतं, मग माणूस स्वतःच्या आतलंच लिहायला लागतो ना.

आणि दुसरं म्हणजे पियानो. मोझार्टच्या पियानोला साधारण पाच सप्तकं होती आणि लाकडी सांगाडा. 1821 मध्ये पॅरिसच्या एरार कंपनीने अशी यंत्रणा काढली की पट्टी पूर्ण वर यायच्या आत तोच सूर परत वाजवता यायला लागला, पुढे लोखंडी फ्रेम आली, तारा जास्त ताणता आल्या, आवाज मोठा झाला, आणि शतक संपता संपता 88 पट्ट्या झाल्या. नवीन वाद्य हातात आलं की नवीन गोष्टी सुचतातच. हे विसरून नुसतं "भावना, भावना" म्हणत बसलं तर अर्धं चित्र हरवतं असं मला वाटतं.

प्रश्न: सुरुवात कुठून करू? मी दोनदा प्रयत्न केला, पण 40-45 मिनिटांची सिंफनी ऐकताना दहाव्या मिनिटाला लक्ष उडतं.

सिंफनीने सुरुवात करूच नका! हे मी मनापासून सांगतेय, कारण मीसुद्धा हीच चूक केली होती आणि त्याच्यात दोन वर्षं वाया घालवली. आधी फ्रान्झ शूबर्टची गाणी ऐका. त्याने सहाशेच्या वर लिहिलीयत, एक गायक आणि एक पियानो, बस. बरीचशी तीन-चार मिनिटांत संपतात.

पहिलं घ्या "एर्लकोनिग". गटेची कविता आहे, रात्री एक बाप आजारी मुलाला कवेत घेऊन घोड्यावरून निघालाय, मुलाला वनातला भुतांचा राजा दिसतोय आणि तो त्याला बोलावतोय, बापाला काहीच दिसत नाही. निवेदक, बाप, मुलगा आणि तो राजा अशी चार माणसं आणि गाणारा एकच, तोच आवाज बदलत जातो, मुलगा प्रत्येक वेळी अजून वरच्या सुरात किंचाळतो, राजा मात्र गोड गोड बोलतो, आणि या सगळ्याच्या खाली पियानोवाल्याचा उजवा हात एकाच सुरावर तडतड तडतड घोडा पळवत असतो. चार मिनिटं ते वाजवून मनगट भरून येतं, भले भले वादक घाबरतात या गाण्याला. शेवटी घोडा थांबतो, पियानोही थांबतो, आणि मुलगा गेला हे गायक जवळजवळ बोलल्यासारखं सांगतो. हे लिहिलं तेव्हा, 1815 मध्ये, शूबर्ट 18 वर्षांचा होता.

त्याच्याही एक वर्ष आधीचं "चरख्यावरची ग्रेटशेन" ऐका. मुलगी सूत कातत बसलीय आणि प्रियकराची आठवण काढतेय, पियानोत चाक फिरतंय. त्याने घेतलेल्या चुंबनाची आठवण आली की चाक थांबतं, थोडा वेळ काहीच नाही, मग एक ढकला, परत थांबतं, परत ढकला, आणि मग हळूहळू पुन्हा फिरायला लागतं. भाषा कळली नाही तरी ती थांबलेली जागा कळतेच कळते. कवितेचा अर्थ मात्र आधी वाचून घ्या, पाच मिनिटं लागतात, ऐकण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

हे जमलं की महिनाभर दुसरं काही नको आणि मग "विंटररायझ" म्हणजे हिवाळ्यातला प्रवास. 24 गाण्यांची माळ, 1827 ची, प्रेमात हरलेला माणूस बर्फातून चालत सुटलाय. त्याने मित्रांना बोलावून ही गाणी म्हणून दाखवली तर मित्र गप्पच झाले, त्यातल्या एकाने सांगितलं की मला फक्त ते लिंडनच्या झाडाचं गाणं आवडलं, त्यावर शूबर्ट म्हणाला की मला ही सगळी माझ्या बाकीच्या गाण्यांपेक्षा जास्त आवडतात आणि तुम्हालाही आवडतील. शेवटच्या गाण्यात गावाबाहेर एक म्हातारा बर्फात अनवाणी उभा राहून हातवाद्याचं चाक फिरवतोय, कोणी ऐकत नाही, समोरची थाळी रिकामी, आणि पियानोच्या डाव्या हातात शेवटपर्यंत तेच दोन सूर. पुढच्या वर्षी, 19 नोव्हेंबर 1828 ला, शूबर्ट गेला, 31 वर्षांचा. अंथरुणात पडल्या पडल्या याच माळेच्या दुसऱ्या भागाची प्रुफं तपासत होता.

प्रश्न: मी दहावीत आहे आणि शोपाँचं नॉक्टर्न बसवतेय, ओपस 9 मधलं दुसरं. टीचर म्हणतात रुबाटो कर, मी केलं की म्हणतात ताल सोडू नकोस. मग नक्की करू काय?

टीचर दोन्ही वेळा बरोबर सांगतायत गं, फक्त दोन वेगवेगळ्या हातांबद्दल सांगतायत. (बाकीच्यांसाठी: नॉक्टर्न म्हणजे रात्रीच्या वातावरणाची पियानोची छोटी रचना, ओपस म्हणजे छापलेल्या रचनेचा क्रमांक, रुबाटो म्हणजे लय किंचित सैल सोडणं.) शोपाँच्या विद्यार्थ्यांनी लिहून ठेवलंय की तो डाव्या हाताला ऑर्केस्ट्राचा संचालक म्हणायचा, डावा हात घड्याळासारखा चालला पाहिजे आणि उजव्याने त्याच्यावर मोकळं गायचं, कुठे किंचित रेंगाळायचं, कुठे थोडं आधी यायचं, पण परत येऊन भेटायचं. तुझ्या नॉक्टर्नमध्ये डावा हात एक खालचा सूर आणि त्याच्यावर दोन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर), एक खालचा आणि दोन कॉर्ड असं सतत झुलतोय बघ. आठवडाभर नुसता डावा हात वाजव, झोप येईल इतका सारखा. आणि तेव्हाच उजव्या हाताची चाल तोंडाने गा, पट्टीवर वाजवूच नकोस. श्वास घ्यायला तू जिथे आपोआप थांबशील ना, तिथेच तुझा रुबाटो आहे.

गायला सांगतेय ते उगीच नाही. शोपाँला ऑपेराचं, म्हणजे गाऊन केलेल्या नाटकांचं, वेड होतं, ऑपेरा लिहिणाऱ्या बेलिनीच्या चालींवर त्याचा जीव होता, आणि पियानो शिकायचाय तर चांगले गायक जाऊन ऐका असं तो विद्यार्थ्यांना सांगायचा. नॉक्टर्न हा प्रकार त्याच्या आधी जॉन फील्ड या आयरिश पियानोवादकाने सुरू केला होता, शोपाँने त्याचं सोनं केलं. आणि एक गंमत सांगते, तो शिकवताना विद्यार्थ्यांच्या वह्यांत याच नॉक्टर्नमधल्या हरकती वेगवेगळ्या लिहून द्यायचा, म्हणजे छापलंय तेवढंच खरं असं त्याचं स्वतःचंही म्हणणं नव्हतं. अर्थात परीक्षेत छापलेलंच वाजव!

हॉल छोटा असला तरी चालेल हे पण लक्षात ठेव. पूर्ण आयुष्यात शोपाँने मोठे जाहीर कार्यक्रम जेमतेम तीसेक केले, त्याला घरातल्या दिवाणखान्यात ओळखीच्या लोकांसमोर वाजवायला आवडायचं, आवाजही हळूच. 1830 मध्ये 20 व्या वर्षी पोलंडमधलं त्याचं वॉर्सा सोडलं, मागे रशियनांविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि हा परत कधीच घरी जाऊ शकला नाही. 1849 मध्ये पॅरिसला वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे बहीण लुडविका त्याचं हृदय घेऊन वॉर्साला गेली, ते तिथल्या होली क्रॉस चर्चच्या खांबात आहे. नॉक्टर्न झालं की त्याचे माझुर्का, म्हणजे पोलिश नाचाच्या तालातले तुकडे, वाजवायला घे, घराची आठवण त्यांच्यात जास्त आहे.

प्रश्न: सगळी नावं पुरुषांचीच का? त्या काळात बाया संगीत लिहीतच नव्हत्या का?

लिहीत होत्या. तीन वाचकांनी हा प्रश्न विचारलाय आणि मला खूप बरं वाटलं, कारण याच्यावर मला बोलायचंच होतं.

फॅनी मेंडेल्सन घ्या. प्रसिद्ध संगीतकार फेलिक्स मेंडेल्सनची मोठी बहीण, 1805 ची, सव्वातीन वर्षांनी मोठी. दोघं एकाच घरात, एकाच शिक्षकाकडे शिकले. 1820 मध्ये, ती 14 वर्षांची असताना, वडिलांनी तिला पत्रात लिहिलं की संगीत हा फेलिक्सचा कदाचित व्यवसाय होईल, तुझ्यासाठी मात्र तो फक्त दागिनाच राहील. तरी ती लिहीत राहिली, साडेचारशेच्या वर रचना आहेत तिच्या. त्यातली सहा गाणी फेलिक्सच्या नावाने छापली गेली, ओपस 8 आणि 9 मध्ये. 1842 मध्ये फेलिक्स लंडनला राणी व्हिक्टोरियाकडे गेला तेव्हा राणीने त्याचं एक गाणं गायला घेतलं, आणि निवडलं नेमकं "इटालिएन", मग त्याला कबूल करावं लागलं की हे माझं नाही, बहिणीचं आहे. हा प्रसंग लोक मजेदार म्हणून सांगतात, मला तो वाचताना दरवेळी पोटात खड्डा पडतो.

फेलिक्स दुष्ट होता का, तर तसं नव्हतं. दोघांचं एकमेकांवर अतोनात प्रेम होतं, तो तिला दाखवल्याशिवाय काही पुरं करायचा नाही. पण बाईने स्वतःच्या नावाने छापावं हे त्याला पटत नव्हतं, 1837 मध्ये आईला त्याने तसं स्पष्ट लिहिलं होतं. नवरा विल्हेल्म हेन्सेल चित्रकार होता, तो मात्र लिही, छाप असं म्हणायचा. बर्लिनच्या घरी ती रविवारी मैफली भरवायची, तिथेच तिचं संगीत वाजायचं. शेवटी 1846 मध्ये तिने ठरवलं. भावाला पत्र लिहिलं त्यात म्हणते की चाळिसाव्या वर्षी मला भावांची तशीच भीती वाटतेय जशी चौदाव्या वर्षी वडिलांची वाटायची. त्या वर्षी तिचं ओपस 1 आलं. पुढच्याच मे महिन्यात, 14 तारखेला, भावाच्याच एका रचनेची तालीम घेत असताना तिला झटका आला आणि त्याच दिवशी ती गेली. फेलिक्स कोलमडला, त्या उन्हाळ्यात त्याने एफ मायनर या स्वरपट्टीतला जो स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, लिहिला तो ऐका, एवढ्या नीटनेटक्या माणसाचा असा आक्रोश दुसरीकडे सापडणार नाही, आणि 4 नोव्हेंबर 1847 ला तोही गेला, 38 वर्षांचा.

तिचा 1828 चा "ईस्टर सोनाटा" कित्येक वर्षं फेलिक्सचा म्हणून ओळखला जात होता, हस्तलिखिताचा अभ्यास होऊन तो तिचाच आहे हे सिद्ध झालं ते आपल्या काळात, आणि 2017 मध्ये तो तिच्या नावाने वाजला. तुम्ही सुरुवात "दास यार" म्हणजे "वर्ष" यापासून करा, बारा महिन्यांचे बारा तुकडे पियानोसाठी, 1841 चे.

दुसरी क्लारा. क्लारा वीक, लग्नानंतर शुमान. 16 व्या वर्षी स्वतः लिहिलेला पियानो कंचेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना, लाइपझिगच्या गेवांडहाउस या सभागृहात वाजवला, संचालन मेंडेल्सनचं. वडिलांचा रॉबर्ट शुमानशी लग्नाला इतका विरोध की दोघांना कोर्टात जावं लागलं, शेवटी 12 सप्टेंबर 1840 ला लग्न झालं, तिच्या 21 व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आठ मुलं झाली. रॉबर्टला लिहायला शांतता लागायची म्हणून तिला सरावाला पियानो मिळायचा नाही, तरी जी मायनरमधलं पियानो ट्रिओ (पियानो, व्हायोलिन आणि चेलो) तिने 1846 मध्ये याच धबडग्यात लिहिलं. त्याआधी 1839 मध्येच डायरीत लिहिलंय की मला वाटायचं माझ्यात निर्मितीची ताकद आहे पण आता तो विचार सोडला, बाईने रचना करायची इच्छा धरू नये, आजवर कोणाला जमलेलं नाही. हे वाचताना मला नेहमी वाटतं की त्याच वेळी फॅनी कपाट भरून लिहीत होती, ते छापलेलं असतं तर क्लाराने हे वाक्य लिहिलं असतं का?

1854 मध्ये रॉबर्टने ऱ्हाईन नदीत उडी मारली, वाचवलं, पण उरलेली दोन वर्षं बॉनजवळ एंडेनिशच्या मनोरुग्णालयात गेली. नंतर क्लाराने रचना जवळजवळ थांबवली आणि 40 वर्षं कार्यक्रम, दौरे आणि शिकवण्या करून घर ओढलं, आणि रॉबर्टचं संगीत गावोगावी वाजवत राहिली. आज शुमान सगळ्यांना माहीत आहे यात तिच्या बोटांचा वाटा फार मोठा आहे.

प्रश्न: लिस्टच्या कार्यक्रमात बायका बेशुद्ध पडायच्या हे खरं का?

फ्रान्झ लिस्ट या पियानोवादकाचं वेड होतं हे खरंच आहे, त्याचे हातमोजे, रुमाल, सिगारचं थोटूक असलं काय काय लोक जपून ठेवायचे, आणि 1844 मध्ये कवी हायनेने या वेडाला "लिस्टोमानिया" असं नावच दिलं. पियानो आडवा ठेवून बाजूने वाजवणारा दिसावा, पूर्ण कार्यक्रम एकट्याचाच असावा, हे त्यानेच रूढ केलं.

पण मला लिस्ट आवडतो तो वेगळ्याच कारणासाठी. तेव्हा रेकॉर्डिंग नाही, ऑर्केस्ट्रा मोठ्या शहरातच, बाकीच्यांनी सिंफनी ऐकायची कशी? हा माणूस दुसऱ्यांचं संगीत पियानोवर उतरवून गावोगाव न्यायचा. बेथोवेनच्या नऊच्या नऊ सिंफनी, शूबर्टची गाणी. 5 डिसेंबर 1830 ला पॅरिसमध्ये बर्लिओझची "फँटास्टिक सिंफनी" पहिल्यांदा वाजली, एका नटीच्या प्रेमात वेडा झालेला कलाकार अफू घेतो आणि स्वतःचाच शिरच्छेद होताना बघतो असली ती कथा, तीत तिची एक धून पाचही भागांत वेश बदलून येत राहते. 19 वर्षांचा लिस्ट त्या कार्यक्रमाला हजर होता. त्याने ती अख्खी पियानोसाठी लिहून काढली आणि स्वतःच्या पैशाने छापली, आणि शुमानने 1835 मध्ये त्या सिंफनीवर जो मोठा लेख लिहिला तो हीच पियानोची प्रत समोर ठेवून. 1847 मध्ये, वयाच्या 35 व्या वर्षी, लिस्टने पैशासाठी वाजवणं बंद केलं. पुढे जगभरातून मुलं शिकायला यायची त्यांच्याकडून फी घ्यायचा नाही.

प्रश्न: ब्राम्सला पहिली सिंफनी लिहायला वीस वर्षं लागली म्हणतात. एवढं काय अवघड होतं?

अवघड बेथोवेन होता. ब्राम्स या जर्मन संगीतकाराने एका मित्राला सांगितलं होतं की पाठीमागे त्या राक्षसाची पावलं सतत ऐकू येत असताना कसं वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही. आणि त्याच्या भरीला शुमानचा लेख! 1853 मध्ये 20 वर्षांचा ब्राम्स शुमानच्या दारात येऊन उभा राहिला, वाजवून दाखवलं, आणि महिन्याभरात शुमानने छापून टाकलं की ज्याची वाट बघत होतो तो आला. इतक्या कोवळ्या पोराच्या खांद्यावर एवढं ओझं. पहिली सिंफनी शेवटी 4 नोव्हेंबर 1876 ला कार्ल्सरूहला वाजली, ब्राम्स 43 वर्षांचा होता. सुरुवातीलाच खाली टिंपनी (मोठा नगारा) ठोके देत राहते आणि वर सगळी वाद्यं जणू ओझं ओढत वर चढतात, ती जागा ऐकली की वीस वर्षं कुठे गेली ते कळतं. पटलं नाही ते तो जाळून टाकायचा, वीसेक स्ट्रिंग क्वार्टेट नष्ट केले आणि मग पहिले दोन छापले.

त्याचा स्वभाव तुसडा होता असं सगळीकडे वाचायला मिळेल, त्यावर मी द्वोर्झाकचं उदाहरण देते. प्रागमधला गरीब व्हायोलावादक, सरकारी मदतीसाठी अर्ज करायचा, परीक्षक मंडळात ब्राम्स होता. त्याने नुसती मदत मंजूर केली नाही, 1877 च्या शेवटी स्वतःच्या प्रकाशकाला, झिमरॉकला, चिठ्ठी लिहिली की याचं छापा, आणि पुढच्या वर्षी "स्लाव्होनिक डान्सेस" आले आणि द्वोर्झाक एका रात्रीत ओळखला जायला लागला. पुढे तो न्यूयॉर्कला गेला, तिथे 16 डिसेंबर 1893 ला कार्नेगी हॉलमध्ये "न्यू वर्ल्ड" सिंफनी झाली, आणि तो तिकडे असताना त्याच्या रचनांची प्रुफं इकडे बसून कोण तपासत होतं, तर साठी उलटलेला ब्राम्स. प्रुफं तपासणं किती कंटाळवाणं काम आहे हे मला चांगलं माहितीये.

प्रश्न: वाग्नर ज्यूद्वेष्टा होता, मग त्याचं संगीत ऐकावं का?

होता, आणि नुसता घरात बोलण्यापुरता नाही. 1850 मध्ये टोपणनावाने आणि 1869 मध्ये उघड स्वतःच्या नावाने त्याने संगीतातल्या ज्यूंविरुद्ध लेख छापला, त्यात मेंडेल्सनलाही सोडलं नाही, तोपर्यंत मेंडेल्सन वारला होता. हे बाजूला ठेवा आणि फक्त सूर ऐका असं मी कोणाला सांगणार नाही, ज्यांना ऐकवत नाही त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही.

मी ऐकते. 1865 च्या त्याच्या "ट्रिस्टान" या ऑपेरातला तो पहिला कॉर्ड, जो कुठेच जाऊन टेकत नाही, पुढचे चार तास ओढ लावत ठेवतो आणि अगदी शेवटी सुटतो, तो माझ्याच्याने टाळता येत नाही. "रिंग"च्या चार ऑपेरांवर त्याने 26 वर्षं घालवली, 1876 मध्ये बायरॉइटला त्यासाठीच बांधलेल्या थिएटरात ते झाले, ऑर्केस्ट्रा रंगमंचाच्या खाली झाकलेला. आणि त्याचा शेवटचा ऑपेरा "पार्सिफाल" 1882 मध्ये पहिल्यांदा ज्याने संचालित केला तो हेर्मान लेव्ही एका रब्बीचा मुलगा होता. त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते.

प्रश्न: चायकॉव्स्कीला पैसे देणारी बाई त्याला कधीच भेटली नाही हे खरं का?

हो. नादेझ्दा फोन मेक, श्रीमंत विधवा, 1876 पासून पत्रव्यवहार, वर्षाला 6,000 रूबल, आणि अट अशी की भेटायचं नाही. 1890 पर्यंत बाराशेच्या वर पत्रं. एकदा 1879 मध्ये तिच्याच इस्टेटीवर चुकून घोडागाड्या समोरासमोर आल्या तर त्याने नुसती टोपी उचलली आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. चौथी सिंफनी त्याने "माझ्या सर्वोत्तम मित्रास" अशी अर्पण केली ती तिलाच. पत्रात तिला त्याने त्या सिंफनीचा अर्थ उलगडून लिहिलाय, सुरुवातीची तुतारी म्हणजे नशीब वगैरे, ते वाचून मग ऐका.

प्रश्न: शूबर्टने त्याची सी मेजरमधली मोठी सिंफनी कधी ऐकलीच नाही असं वाचलं. मग ती आपल्यापर्यंत आली कशी?

शेवटचा प्रश्न म्हणून हा मुद्दाम ठेवला. कार्यक्रमात वाजलेली त्याने कधीच ऐकली नाही. व्हिएन्नाच्या संगीत संस्थेला त्याने ती दिली होती, पण फार लांब आणि फार अवघड म्हणून ती बाजूला पडली. जवळजवळ तासभराची आहे.

तो गेल्यावर दहा वर्षांनी शुमान व्हिएन्नाला आला. बेथोवेन आणि शूबर्ट यांच्या कबरी जवळजवळ आहेत तिथे जाऊन आला, आणि मग त्याला आठवलं की शूबर्टचा भाऊ फर्डिनांड अजून आहे, चला भेटून येऊ. फर्डिनांडने जपून ठेवलेली हस्तलिखितं काढून दाखवली, त्या ढिगाऱ्यात ही सिंफनी. शुमानने लगेच व्यवस्था करून प्रत लाइपझिगला मेंडेल्सनकडे पाठवली आणि 21 मार्च 1839 ला गेवांडहाउसमध्ये मेंडेल्सनने ती वाजवून घेतली. पुढे लंडनला त्याने ती बसवायला घेतली तर शेवटच्या भागात एकच आकृती परत परत वाजवायला लागते म्हणून वादक हसायला लागले, तेव्हा त्याने ती कार्यक्रमातूनच काढून घेतली. आज तो शेवटचा भाग ऐकताना अंगावर काटा येतो, जणू कोणीतरी धावतंय आणि दमतच नाहीये.

पहिला कार्यक्रम झाला तेव्हा शुमान अजून व्हिएन्नातच होता, त्याला ती त्याच वर्षी डिसेंबरात तालमीत ऐकायला मिळाली. त्याच दिवशी त्याने क्लाराला पत्र लिहिलं की मी पूर्ण सुखी होतो, दोनच गोष्टी हव्या होत्या, तू माझी बायको असायला हवी होतीस आणि मलाही अशा सिंफनी लिहिता यायला हव्या होत्या. पुढच्या सप्टेंबरात लग्न झालं. जानेवारी 1841 मध्ये चार दिवसांत त्याने स्वतःच्या पहिल्या सिंफनीचा पूर्ण आराखडा लिहून काढला, आणि 31 मार्चला ती त्याच हॉलमध्ये झाली, संचालन मेंडेल्सनचं, आणि कार्यक्रम क्लाराचा.